आईच्या अ‍ॅड्रिनलच्या गाठीचं ऑपरेशन करावं की थांबावं? मदत हवी आहे

आई ६२ वर्षांची, पोटदुखीसाठी सीटी स्कॅन केला तर डाव्या अ‍ॅड्रिनलवर (किडनीच्या वरची ग्रंथी) अडीच सेंटीमीटरची गाठ निघाली, कॅन्सरची वाटत नाही म्हणाले. पण रात्री ११ ला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसोल दाबणारी स्टिरॉइडची गोळी) देऊन सकाळी ८ ला कॉर्टिसोल (या ग्रंथीचं हार्मोन) बघितलं तर ३.४, हवं होतं १.८ च्या आत, एसीटीएच (ग्रंथीला कॉर्टिसोल बनवायला लावणारं हार्मोन) पण कमीच. चेहरा गोल होणं, पोटावर जांभळे पट्टे असलं कॉर्टिसोल वाढल्याचं काही लक्षण नाही, म्हणून घरचे म्हणतात कशाला उगाच चिरफाड. पण बीपीच्या तीन गोळ्या घेऊनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही, शुगर वाढतेय आणि मणक्यात फ्रॅक्चर दिसलंय, आता हे गाठीमुळे का वयामुळे कसं कळणार? एक डॉक्टर दुर्बिणीने काढून टाका म्हणतात, दुसरे गोळ्या वाढवून वर्षभर बघू म्हणतात. कोणाच्या घरी असं झालंय का? काढल्यावर बीपी-शुगरच्या गोळ्या कमी झाल्या का, आणि नंतर हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची कमी भरून काढणारी गोळी) किती महिने घ्यावं लागलं?