टॅबवरची ॲपं: नव्याची नवलाई सरल्यावर काय टिकलं?

मंडळी, टॅब आता बऱ्याच घरांत आहे, पण त्याचा वापर मालिका बघण्यापुरताच होतो. ज्यांनी त्यावर चित्रं काढली, अक्षरं गिरवली, पुस्तकं वाचली, त्यांनी इथे लिहावं. नुसती नावं नकोत. कोणतं ॲप रोजच्या वापरात राहिलं आणि कशामुळे, ते सांगा. सुरुवात मीच करते.

गिरगाव
मी सुलेखन करते. प्रोक्रिएट हे चित्रकलेचं ॲप फक्त आयपॅडवर चालतं, पण एकदाच पैसे भरायचे, दरमहा वर्गणी नाही, म्हणून घेतलं. देवनागरीला बोरूचा तिरका काप हवा. त्यातल्या ब्रश स्टुडिओत, म्हणजे ब्रश हवा तसा घडवायच्या विभागात, चपटा ब्रश घेऊन त्याचा कोन ४५ अंशांवर पक्का केला, तेव्हा कुठे ‘क’ची पाकळी जाड-बारीक वळायला लागली. गुळगुळीत काचेवर पेन निसटायचं. कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड लावल्यावर हात स्थिरावला. त्याने पेनाचं टोक लवकर झिजतं, पण ते बदलता येतं. एक लक्षात ठेवा: ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) मोठा कॅनव्हास उघडला की लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, मोजकेच मिळतात, ते टॅबच्या रॅमवर ठरतं. खोताच्या वाडीतली घरं रेखाटताना मी कच्ची रेघ, शाई आणि रंग असे तीनच लेयर ठेवते, काही अडत नाही. काढलेल्या चित्राचा टाइमलॅप्स, म्हणजे भरभर पळणारा व्हिडिओ, आपोआप तयार होतो. तो बघून आपला हात नेमका कुठे अडखळला ते कळतं. शिकणाऱ्याला याहून चांगला आरसा नाही.

मुलुंड
ताई, अँड्रॉइडवाल्यांसाठी क्रिता हे चित्रकलेचं ॲप आहे, मोफत आणि मुक्तस्रोत. मूळचं कंप्युटरचं असल्यामुळे बटणं बारीक आहेत, पण ब्रश भरपूर. माझा टॅब सॅमसंगचा. त्याच्या एस पेनने चित्र काढायला पेन चार्ज करावं लागत नाही, हे मला फार सोयीचं. खरा त्रास मराठी मजकुराचा. बऱ्याच चित्रकला ॲपांत जोडाक्षरं फुटतात आणि ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते. सोसायटीच्या गणपतीचं पोस्टर करताना मी मजकूर दुसरीकडे टाइप करतो, पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रफाइल (पीएनजी) काढतो आणि लेयर म्हणून आणतो. फाँट ‘मुक्त’ किंवा ‘बलू’. दोन्ही आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांचे, मोफत आणि देखणे.

बोरिवली
माझं फक्त वाचन. किंडल या ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या ॲपवर मराठी पुस्तकं २०१६पासून आहेत. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये टॅब बाहेर काढायला जागा नसते, तिथे फोनवर वाचते. रात्री टॅब उघडला की त्याच पानावर पुस्तक हजर. घरून निघण्यापूर्वी पुस्तक उतरवून ठेवायचं, म्हणजे रेंज गेली तरी अडत नाही. उभं राहून वाचणंही जमत नाही, त्या दिवशी स्टोरीटेलवर मराठी पुस्तक ऐकते.

दादर
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बारीक टाइपाची पुस्तकं बंद पडली. वाचनालयाचं पुस्तक हातात धरून बसणाऱ्या बाईला ते फार लागलं. तिला टॅब दिला तेव्हा कळलं की ॲपपेक्षा फाइलचा प्रकार महत्त्वाचा. पीडीएफ मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते, प्रत्येक ओळीला बोटाने डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलमध्ये अक्षर वाढवलं की ओळी नव्याने जुळतात. पार्श्वभूमी फिकट पिवळी, अक्षर ठसठशीत, ओळींत अंतर सैल, एवढं बसवून दिलं. आता दुपारी जेवणं आटोपली की टॅब तिच्याकडे, आम्ही मागायचाही नाही! ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफ असली तरी ती टॅब आडवा धरून वाचते. तेवढ्याने ओळ मावते.

दहिसर
लेक इंग्रजी माध्यमात, मराठी वाचायचा कंटाळा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ लावून दिलं. गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, मुक्त परवान्याच्या आहेत, त्यामुळे उतरवून घेता येतात. शिवाय तिथली चित्रं घेऊन स्वतःची गोष्ट रचता येते. त्यासाठी लेक मराठी टायपिंग शिकली, नुसतं वाच वाच म्हणून ते झालं नसतं.

गिरगाव
मुलुंडकर, पीएनजीची युक्ती आजच करून बघते. आयपॅडवाल्यांना एक कळकळीची विनंती: प्रोक्रिएट काढून टाकलं की त्यातली चित्रंही जातात. जागा कमी पडली म्हणून ॲप उडवण्याआधी चित्रं दुसरीकडे ठेवा. लेयर हवे असतील तर पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलप्रकारात) काढा. ती फाइल क्रितातही उघडते.