शब्दचर्चा : ‘सेफ्टी फॅक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ (नांदेड): पुतणीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विमानाच्या पंखाचा तक्ता करायलोय. कुणी ‘सुरक्षा गुणांक’ म्हणायलेत, कुणी ‘सुरक्षा गुणक’. काय लिहू?

बीडकर: गुणक. गुणांक पदार्थाचा गुण सांगतो. घर्षण गुणांक, प्रसरण गुणांक. तो मोजून मिळतो. हा आकडा म्हणजे येऊ शकणाऱ्या भाराच्या किती पट पेलेल असं बांधायचं ते. तो माणसानं ठरवलेला आहे आणि भाराला त्या आकड्यानं सरळ गुणायचं असतं. विमानाला १.५.

माळवद (औसा): दीडपटच? आमचा आजा मोटेचा नाडा घेताना म्हणायचा, मोटेच्या वजनावर घेऊ नको, बैल बुजल्यावर जो हिसका बसतो त्यावर घे. अन् वर तिप्पट जाड घ्यायचा. विमानातच काटकसर का?

बीडकर: आज्याचा हिसका इथं आधीच धरलेला असतो. वाऱ्याचा झोत, वैमानिकानं एकदम वर ओढलेलं नाक, सगळं. प्रवासी विमानाच्या पंखाला निदान वजनाच्या अडीचपट. हा लिमिट लोड. एवढ्यात पंखाला कायमचा बाक राहता कामा नये. त्याची दीडपट म्हणजे पावणेचारपट, हा अल्टिमेट लोड. तो ३ सेकंद पेलला की पास, मग बाक आला तरी चालतो. चाचणीत बोईंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये लिमिट लोडच्या १५४ टक्क्यांवर मोडला. एअरबस ए३८० चा २००६ मध्ये दीडपटीच्या जरा अलीकडेच गेला, मग तो बळकट करावा लागला. तिप्पट जाड केला असता तर मोडला नसता, पण मग माणसं कुठं बसवता? नाडा जड झाला तर बैल ओढतो, पंखाचं ओझं पंखालाच उचलायचं असतं.

माळवद (औसा): पटलं. जाड म्हणजे भक्कम नव्हे, हे किल्लारीच्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. १९९३ च्या भूकंपात दोन-दोन फुटी दगडी भिंती अन् वरची माती, त्या ओझ्याखालीच माणसं गेली.

गोदाकाठ (नांदेड): मग दीडपटीला ‘दिढी’च म्हणू का? बियाणं उसनं घेतलं की सव्वापट नाहीतर दीडपट परत करायचं, त्या सवाई-दिढीतली.

बीडकर: गोड आहे, पण पोरीला आधी सावकारी समजावून सांगावी लागेल. कंसात ‘दीडपट’ लिहा.

गोदाकाठ (नांदेड): बरं. लिमिट लोडला ‘कमाल अपेक्षित भार’ टाकतो. अल्टिमेटला ‘मोडभार’?

बीडकर: नको. तिथं मोडायचं नसतं, ३ सेकंद तग धरायचा असतो. ‘परमभार’ लिहा.