चाळीस हजाराच्या आतल्या लॅपटॉपवर जुने गेम चालतील का? मदत हवी आहे

मंडळी, धाकट्या भावाला लॅपटॉप घ्यायचाय, काम म्हणजे कॉलेजचं कोडिंग, पण साहेबांची अट एकच की जुने गेम चालले पाहिजेत. जुने म्हणजे एनएफएस (नीड फॉर स्पीड) मोस्ट वाँटेड, ते २००५ वालं, जीटीए सॅन अँड्रियाज, आणि जमलंच तर जीटीए ४. बजेट चाळीसच्या आत, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड विसराच.

दोन मॉडेल बघून ठेवलीत, एकात इंटेल आय३ १२१५यू आहे, यूएचडी ग्राफिक्सवालं, आणि दुसऱ्यात रायझन ५ ५५००यू, त्यात व्हेगा ७ ग्राफिक्स. दोन्हीत रॅम ८ जीबी पण एकच स्टिक. दुकानदार म्हणतो "सगळं पळतंय हो" (तो काय नाही म्हणणार का!) पण इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स रॅममधलीच मेमरी वापरतं ना, मग सिंगल चॅनेलवर (म्हणजे एकाच स्टिकवर) मार खाणारच, म्हणून अजून एक ८ जीबीची स्टिक टाकायचा विचार आहे. फरक खरंच किती पडतो?

पहिल्या दोन गेमचं टेन्शन नाही, ते आरामात चालतील. घोडं अडलंय जीटीए ४ वर. २००८ चा गेम, पण पीसीवर आधीच जड, त्यात म्हणे इंटिग्रेटेडवर व्हिडिओ मेमरी नीट ओळखत नाही आणि सेटिंग्जच वाढवू देत नाही. कोणी डीएक्सव्हीके (जुन्या डायरेक्टएक्सचे गेम व्हल्कनवर चालवणारं फुकट टूल) टाकून ७२०पी वर चालवलाय का? एफपीएस (सेकंदाला फ्रेम) किती मिळाले? आणि मे महिन्यात, पंख्याखाली तासभर खेळून लॅपटॉप किती तापतो तेही सांगा.