बेस कॅम्प ग्रुप: बॅगा रविवारी तोलायच्या

सेक्रेटरीकाका: मंडळी, काठमांडूची तिकिटं झाली. एव्हरेस्ट बेस कॅम्प, आपण ८ जण, ऑक्टोबर नक्की. कंपनीची सामानाची यादी वर टाकलीय, पण त्यात नुसती नावं आहेत. ताई, तुम्ही जाऊन आलाय. खरंच काय लागतं ते सांगा.

बी ४०२ ताई: सांगते काका. आधी वजनाचं बोलू. चालायला लागतो त्या लुक्ला गावापर्यंतच्या छोट्या विमानात माणशी १५ किलो, म्हणजे मोठ्या बॅगेत १० आणि पाठीवरच्या सॅकमध्ये ५. मोठी बॅग पोर्टर उचलणार, सॅक आपण. पिसं भरलेलं डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत ठमेलला भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. पण ती दोन्ही या १० किलोतच धरायची. अडीच किलो त्यांना सोडा. घरून निघताना मोठी बॅग साडेसातच्या वर नको.

सी १०३: ताई, माझी आत्ताच ११ भरतेय 😟

बी ४०२ ताई: पलंगावर ओत आणि फोटो टाक.

सी १०३: 📷

बी ४०२ ताई: दोन्ही जीन्स कपाटात परत ठेव. सहा सुती टी-शर्टसुद्धा. सुती कापड घाम धरून ठेवतं. चढून थांबलास की तेच ओलं कापड अंगावर गार पडतं, आणि तिथल्या थंडीत ते दिवसभर वाळत नाही. घाम आला तरी लवकर वाळणारे ३ टी-शर्ट, २ ट्रेक पँट, थर्मलचा १ जोड फक्त झोपताना घालायला, १ फ्लीस, १ पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. एवढ्यावर १२ दिवस निघतात. रोज तेच कपडे घालायचे, तिथे सगळेच घालतात.

सी १०३: आणि नवे बूट? ते पायातच असतील ना, वजनात नाहीत.

बी ४०२ ताई: वजनात नाहीत, पण नवे आहेत हे जास्त वाईट. आजपासून ऑफिसला तेच घालून जा. सिंहगड आतकरवाडीतून निदान चार वेळा त्याच बुटांत, त्याच मोज्यांत, पाठीवर ५ किलो घेऊन. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर बूट लहान आहे. आत्ता कळलं तर बदलता येईल, वाटेतल्या नामचे गावाच्या उतारावर कळलं तर नख जाईल.

ए ३०१ काकू: ह्यांच्याबरोबर मी चकली, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू देणार आहे. सगळ्यांना पुरतील असे. साधारण ३ किलो होतील.

बी ४०२ ताई: काकू, तुमच्या हातचे लाडू मलाही हवेत. तरी एक सांगते. दोन जणांच्या बॅगा मिळून एक पोर्टर असतो. म्हणजे २० किलो आपलं, वर त्याचं स्वतःचं सामान. बॅगांना दोर बांधून त्याचा पट्टा तो कपाळावर घेतो. नाम्लो म्हणतात त्याला. सगळं ओझं मानेवर येतं. हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी असते, दम लागला की ती मागे टेकवून उभ्याउभ्याच भार तिच्यावर ठेवायचा. आमच्याबरोबरचा मुलगा जेमतेम विशीतला होता. नामचेच्या चढावर थांबला तेव्हा त्याच्या कपाळावर पट्ट्याचा लाल वळ पाहिला मी. त्या बॅगेत माझा हेअर ड्रायर होता. त्या दिवसापासून मी सामान त्याची मान आठवून भरते.

बी ४०२ ताई: खायला वर मिळतं. डाळभात मागाल तेवढा वाढतात. नामचेच्या वर मांसाहार नको, ते मटण खालून दिवसेंदिवस पाठीवर वाहून आणलेलं असतं. घरचं म्हणून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि थोडी चिक्की. उंचीवर भूक मरते तेव्हा भातावर चमचाभर मेतकूट घेतलं की चार घास जास्त जातात.

डी २०४: पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालेल का? आणि ओळखपत्र आधार ना?

बी ४०२ ताई: पॉवर बँक कायम केबिन बॅगेत. आधार चालणार नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. रात्री फोन आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत कुशीत घेऊन झोपा, थंडीने उतरतात. वर चार्जिंगचे, वायफायचे, गरम पाण्याचे वेगळे पैसे पडतात, म्हणून नेपाळी रुपये काठमांडूतच काढून ठेवा.

सेक्रेटरीकाका: उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं काय करायचं? मला बीपीची गोळी चालू आहे. वय ६२.

डॉक्टरकाकू: काका, तुम्ही आधी तुमच्या फिजिशियनला भेटून या, प्रवासाचा कार्यक्रम त्यांना दाखवा. ग्रुपवर वाचून कुणीही गोळी सुरू करू नका. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू वर अजिबात नको.

सी १०३: डायमॉक्स घेतली की काही होत नाही ना मग?

डॉक्टरकाकू: होऊ शकतं. ती शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, बाकी काम सावकाश चढण्याचं. ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. नामचेला ३४४० मीटरवर आणि डिंगबोचेला ४४१० मीटरवर दोन-दोन रात्री त्यासाठीच आहेत. बेस कॅम्पला ५३६४ मीटरवर हवेचा दाब इथल्या जवळजवळ निम्मा असतो.

डी २०४: ते दोन दिवस वाचवता नाही का येणार? मला परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी भावाच्या साखरपुड्याला पोचायचंय.

बी ४०२ ताई: नाही. उलट परतीला दोन दिवस जास्तीचे धरा. ढग आले की लुक्लाची विमानं बंद, मग कुणाचंच काही चालत नाही. साखरपुड्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट असेल तर आजच बदला.

बी ४०२ ताई: आणि काका, मघाशी तुम्ही म्हणालात मी जाऊन आलेय. मी बेस कॅम्प पाहिलेला नाही. लोबुचेपर्यंतच गेले. डिंगबोचेला डोकं दुखत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, माझ्यामुळे सगळे अडतील. गाइडने रात्री जेवताना विचारलं, मी "एकदम मस्त" म्हटलं. दुसऱ्या दिवशी लोबुचे, ४९४० मीटर. रात्री उलट्या सुरू झाल्या, उठले तर पाय सरळ पडेनात. गाइड आणि तोच पोर्टर मुलगा मला अंधारात, दोन्ही बाजूंनी धरून फेरिचेला घेऊन आले. साडेपाचशे मीटर खाली. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे. पहाटे डोकं हलकं झालं तेव्हा तो मुलगा बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपला होता.

ए ३०१ काकू: अगं बाई. हे कधी बोलली नाहीस.

बी ४०२ ताई: लाज वाटत होती काकू. आता वाटत नाही, म्हणून लिहिलं.

डॉक्टरकाकू: बरं केलंस. सगळ्यांनी वाचा. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा न जाणारा थकवा असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी दम लागणं दिसलं तर लगेच खाली, रात्र असली तरी.

सेक्रेटरीकाका: मग असं ठरवू. रोज जेवणाच्या टेबलावर आठही जणांनी गाइडसमोर सांगायचं, डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, झोप लागली का. मी सगळ्यात मोठा, माझ्यापासून सुरुवात. आणि कुणी एक मागे थांबला तर त्याच्याबरोबर एक जण थांबेल, तोही मीच.

डी २०४: तिकीट बदललं.

बी ४०२ ताई: 🙏 रविवारी साडेपाचला गेटवर, सिंहगड. येताना भरलेल्या बॅगा गाडीत असू द्या, परत आल्यावर क्लबहाऊसला तोलू. हुकचा काटा मी आणते.

ए ३०१ काकू: मी लाडवांचा एकच डबा करते. अर्धा किलोचा. तो ह्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवेन, पोर्टरकडे नाही.

सी १०३: ताई, आत्ता ७.४०० 📷