पहिलं जुनं चावीचं घड्याळ घ्यायचंय, बजेट चार हजार – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. रोज हातात घालता येईल असं जुनं चावीचं घड्याळ हवंय, कपाटात ठेवायला नाही. मन एचएमटीवर आहे: जनता किंवा काळ्या डायलचं पायलट. १९६१ मध्ये जपानी कंपनी सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झालेली एचएमटीची घड्याळं उघडता-दुरुस्त करता येणारे कारागीर अजून सापडतात, हा मोठा फायदा.

अडचण रीडायलची, म्हणजे जुना डायल नंतर पुन्हा रंगवून-छापून नवा केल्याची. ऑनलाइन दिसणारी पायलटं इतकी चकचकीत की शंकाच येते. निळा, केशरी, पोपटी डायल म्हणजे बहुधा नंतर रंगवलेला, एवढं कळतं. पण काळ्यावरचा काळा कसा ओळखायचा? सीताबर्डीत एक पाहिलं, त्यात ‘१७ ज्वेल्स’ (यंत्रातले खडे) ची अक्षरं भिंगाखाली फुगल्यासारखी, कडेला शाई पसरलेली. डायल पुन्हा रंगवलेला समजायचा ना? दुकानदार म्हणतो, "भाऊ, कंपनीचंच आहे." म्हणणारच म्हणा.

दुसरा पर्याय जुनं जपानी सेको फाइव्ह; ते चावीचं नाही, ऑटोमॅटिक आहे, पण चालेल. त्यात डायलच्या तळाशी बारीक आकडे असतात, त्यातले पहिले चार मागच्या झाकणावरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळायला हवेत, इतपत वाचलंय. डायल-काटे मूळचे असतील तर काचेवरचे ओरखडे मला चालतील.

आता सांगा, इतवारी-महालकडे मशीन उघडून दाखवणारा, सर्व्हिसिंग नीट करणारा जुना घडीसाज कुणाला माहीत आहे का? सर्व्हिसिंगला साधारण किती धरायचे? आणि आपल्या मे महिन्यातल्या घामात चामडी पट्टा टिकतो, की सरळ नायलॉनचा घ्यावा?