मदत हवी आहे: गवत कापताना गाणी ऐकायला कुठले हेडफोन घ्यावेत?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन म्हणत होतो, आज कानात सूं आवाज येतोय तसाच लिहायला बसलोय. घरामागे बरंच मोठं आवार आहे, गवत कापायला पेट्रोलवरचा ब्रश कटर, कुंपणाच्या झुडपांना हेज ट्रिमर आणि पालापाचोळ्याला ब्लोअर, सगळं मिळून आठवड्याला दोन-अडीच तास जातात. गाणी असली की हे काम मला मनापासून आवडतं, नसली की अर्ध्यातच सोडावंसं वाटतं.

आत्तापर्यंत साधे इअरबड्स वापरत होतो. मशीन चालू झालं की गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही, मग आवाज वाढवायचा, अजून वाढवायचा, शेवटी फुल. काम संपल्यावर कानाला दडा बसल्यासारखं होतं, समोरचा बोलतो ते लांबून आल्यासारखं वाटतं आणि रात्री झोपताना ते सूं सूं. आधी तासाभरात जायचं, आता सकाळपर्यंत राहतं, म्हणून काळजी वाटायला लागली.

मग भावाकडचे नॉइज कॅन्सलेशनवाले मोठे हेडफोन लावून बघितले. इंजिनाची घरघर कमी झाली हे खरं, पण कटरची फिरणारी दोरी दगडावर आपटते तो खणखण आवाज तसाच आत येतो, वारा सुटला की माइकमधून फरफर ऐकू येते आणि खाली वाकलं की घामाने घसरतात. चष्मा आहे, त्याच्या काड्यांमुळे कुशन नीट टेकत पण नाही.

आणि एक गोष्ट झाली ती सांगतोच. परवा मुलगी मागून हाका मारत अगदी जवळ आली आणि मला पत्ताच नाही, वळलो तर ती चार पावलांवर, मशीन चालू. हात थरथरायला लागले माझे. तर मला कान वाचवायचेत, गाणी पण ऐकायचीत आणि कोणी जवळ आलं तर कळायला पण हवं, हे तिन्ही एकत्र जमतं का? नॉइज कॅन्सलेशनचेच चांगले घेऊ की कामगार लावतात तसले इअरमफ? बोन कंडक्शनचं, म्हणजे कानात न घालता हाडातून आवाज पोचवणाऱ्या हेडफोनचं पण कोणीतरी सुचवलं.

प्रतिसाद १

दादा, आधी ते फुल आवाजात ऐकणं आजच बंद करा. मी रोज चेनसॉ चालवतो म्हणून कळकळीने सांगतोय. ब्रश कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत सहज जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबलला ८ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. तुम्ही दोन तास करताय आणि वर त्याच्यापेक्षा मोठ्याने गाणी. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

नॉइज कॅन्सलेशन हे विमानातल्या, इंजिनातल्या एकसुरी खालच्या आवाजासाठी चांगलं, खणखण आणि चिरका आवाज त्याला झेपत नाही. शिवाय तसल्या बहुतेक हेडफोनवर एनआरआर किंवा एसएनआर आकडा (बाहेरचा आवाज किती डेसिबल अडतो त्याचं प्रयोगशाळेतलं माप) नसतो, म्हणजे कान किती वाचतात ते कोणी मोजून दिलेलंच नाही. खरेदी करताना तो आकडा शोधा, बाकी सगळं नंतर.

आतच ब्लूटूथ असलेले इअरमफ मिळतात. ३एमचे वर्कट्यून्स कनेक्ट आहेत त्यांचा एनआरआर २४, आयसोट्यून्स प्रो कानात घालायचे फोमवाले, त्यांचा २७. पण २४ म्हणजे २४ कमी होतात असं समजू नका, सावध हिशोब म्हणजे ७ वजा करायचे आणि उरलेल्याचं निम्मं, म्हणजे साडेआठ. १०० चे साडेएक्क्याण्णव झाले, त्यात पावणेदोन तास मिळतात. मध्ये ब्रेक घ्या आणि ब्लोअर दुसऱ्या दिवशी चालवा. दुसरं म्हणजे या दोन्हीत गाण्याचा आवाज ८५ च्या वर जातच नाही. सुरुवातीला बारीक वाटेल, पण बाहेरचा आवाज अडला की तेवढ्यात पुरतं.

प्रतिसाद २

चष्मा आहे तर कानात घालायचेच घ्या, काडीमुळे मफला फट राहिली की त्यातूनच आवाज शिरतो. फोम मात्र नीट घालायला शिका: बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर काही उपयोग नाही. वायरवाले अजिबात नको, झुडपात अडकते.

बोन कंडक्शन या कामाला नको, त्यात कान उघडेच राहतात. खाली इअरप्लग घालून चालतं, पण मशीनच्या आवाजात गाणं परत वाढवलं जातंच.

धागाकर्ता

दोघांचे खूप आभार. फोमवालेच बघतो, आणि तोपर्यंत गाण्याशिवाय साधे इअरप्लग घालूनच काम करीन. पण मुलीचं काय? कान अजून बंद झाले तर ती आलेली मला कळणारच नाही.

प्रतिसाद १

कळणार नाही असंच धरून चाला, गाणी नसली तरी मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. ब्रश कटरच्या पुस्तिकेत बहुधा १५ मीटर अंतर लिहिलेलं असतं, उडालेला खडा तेवढा जातो. घरात सगळ्यांना सांगून ठेवा की मागून कधीच यायचं नाही, लांबून समोर येऊन उभं राहायचं, हात वर करायचा आणि मशीन बंद झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तुम्ही पण दर थोड्या वेळाने थांबून मागे वळून बघत जा. आणि ते सूं सूं दोन दिवसात गेलं नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, वाट बघू नका.