स्क्लेरोडर्मा आणि थायरॉईड: तुमचे अनुभव लिहा

एक ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) घरात शिरला की पाठोपाठ दुसरा यायची शक्यता वाढते, आणि स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी आणि कधी आतले अवयवही घट्ट करणाऱ्या आजारात, त्या रांगेत थायरॉईड बराच पुढे असतो. अडचण अशी की थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सुजरी बोटं, थंडी न सोसणं हे सगळं दोन्हीकडे सारखंच. मग काहीही झालं तरी खापर स्क्लेरोडर्मावर फुटतं. तुमचं कसं लक्षात आलं? डोस मात्र लिहू नका, कुणीतरी वाचून तेवढाच घ्यायला लागेल.

निळी_बोटं
मला लिमिटेड प्रकार आहे (कातडी मुख्यतः हात-चेहऱ्यावर घट्ट होते तो), अँटीसेंट्रोमियर (त्या प्रकारात रक्तात सापडणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. हात जड, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. आजार वाढतोय असंच सगळे धरून चालले होते. संधिवाताच्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वर हातोडीने टकटक केलं. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्याने भलताच वेळ घेतला. ते म्हणाले, "आजच टीएसएच करा." टीएसएच (थायरॉईड कमी पडली की रक्तात वाढणारं संप्रेरक) खूप वाढलेला, अँटी-टीपीओही (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी). म्हणजे हाशिमोटो, थायरॉईड मंदावणारा ऑटोइम्यून आजार.
थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या संप्रेरकाची) गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत चेहरा उतरला, पोट साफ व्हायला लागलं. बोटांची कातडी होती तेवढीच घट्ट राहिली. कुठलं दुखणं कुणाचं, ते तेव्हा कळलं.

सकाळची_गोळी
माझा टीएसएच गोळी घेऊनही खाली येईना. "नियमित घेता ना?" हे ऐकून कान किटले. घेत होते हो! पण अॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल रोजचं, शिवाय लोह आणि कॅल्शियम नाश्त्याबरोबर. अॅसिड कमी झालं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, आणि लोह-कॅल्शियम तर त्याला आतड्यातच धरून ठेवतात. आता थायरॉक्सिन उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, लोह-कॅल्शियम निदान चार तासांनी. पँटोप्राझोल बंद करणं शक्य नाही, अन्ननलिका जाळून घ्यायची नाहीये. म्हणून डॉक्टरांनी थायरॉक्सिनचाच डोस त्या हिशेबाने बसवला आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासलं.

तिचा_नवरा
आमच्याकडे उलटं. बायकोचं वजन उतरायला लागलं, ते आतड्यांवर ढकललं गेलं. धडधड सुरू झाली, तेव्हा फुप्फुसातला दाब वाढला की काय म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. तो नीट आला. मग टीएसएच केला तर जवळजवळ शून्य: ग्रेव्हज, म्हणजे थायरॉईड जास्तच चालवणारा ऑटोइम्यून आजार.
धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून मिळालं. संधिवाताच्या डॉक्टरांनी ते लगेच थांबवलं, कारण त्याने रेनॉड (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आवळणं) बळावू शकतो आणि हिच्या बोटाच्या टोकाला आधीच जखम होती. त्याऐवजी डिल्टियाझेम दिलं. दोन तज्ज्ञ असले की दोघांची चिठ्ठी दोघांना दाखवायची, हे काम आता माझ्याकडे.
ग्रेव्हजसाठी कार्बिमॅझोल चालू आहे. घसा दुखला किंवा ताप आला तर वाट बघत बसायचं नाही, लगेच रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघायच्या. ती मायकोफेनोलेटही (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेते, तेही पेशी कमी करू शकतं, त्यामुळे आम्ही जास्तच सावध.

काठावर
माझं फक्त अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, टीएसएच नॉर्मल. गोळी नाही. वर्षातून एकदा टीएसएच, मध्येच काही वेगळं वाटलं तर आधी. दिवस राहायचा विचार असेल तर त्याआधी सांगा, असं बजावलंय.
या वेळी टीएसएच एकदम कमी आला आणि माझं धाबं दणाणलं. लॅबमधल्या बाईंनी विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" बायोटिन घेत होते, चांगलं तगडं. त्याने काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो म्हणे. डॉक्टरांना विचारून ते काही दिवस बंद ठेवलं आणि पुन्हा रक्त दिलं. टीएसएच नॉर्मल. केस गळतायत ते गळतायतच.